यमाला गाता येतं!

गेल्या शुक्रवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मराठी नाटकावरून वाद झाला. आयटीवाल्यांच्या कॅन्टीनमध्ये हीच मुळात ब्रेकिंग न्यूज! एरवी आमचे वाद अप्रेझल आणि होम लोनच्या पुढे जात नाहीत. पण झाला खरा.

निमित्त होतं आमच्याच टीममधला एक मित्र. हा प्राणी सोमवार ते शुक्रवार टेस्टिंग करतो आणि शनिवार-रविवार नाटकं लिहितो. त्याचं नवं नाटक, स्वतःचं, कुठून न उचललेलं, चांगली सात-आठ गाणी असलेलं, दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये लागलं आणि तिसऱ्या प्रयोगानंतर बंद पडलं. त्यावर एकजण पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणाला, "अरे, डार्क कॉमेडी वगैरे आपल्याकडे नाही चालत. ते तिकडचं आहे. आपला माणूस दमून येतो, त्याला काहीतरी हलकंफुलकं लागतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. (मी का डोलावली ते शेवटी सांगतो, कारण ते सांगायची मला लाज वाटते.) पण घरी जाताना लोकलमध्ये डोकं तापलं ते अजून थंड झालेलं नाही. म्हणून हा लेख. रविवार सकाळ आहे, चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

तर, त्या एका वाक्यात तीन थापा आहेत. एकेक घेऊ.

थाप पहिली: हे तिकडचं आहे

२२ नोव्हेंबर १९७४. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात 'महानिर्वाण' नावाचं नाटक पहिल्यांदा लागलं. चाळीतले भाऊराव मेलेत. मुलगा बाहेरगावी आहे, त्यामुळे प्रेत ताटकळलंय. आणि हे भाऊराव गप्प पडून राहण्याऐवजी उठून चक्क स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतात! वर हट्ट असा की जाळायचं तर मला जुन्याच स्मशानात जाळा. ते जुनं स्मशान बंद झालंय. मग बसा आता. प्रेत तसंच, चाळकरी आपले ठरलेले संवाद म्हणतायत, बायकोचा शोक सुरात चाललाय, आणि आपण पोट धरून हसतोय आणि हसल्याबद्दल आपलीच आपल्याला भीती वाटतेय.

लिहिणारे सतीश आळेकर. तेव्हाचं वय वर्षं २५. पोटापाण्याचा धंदा काय? बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री. म्हणजे दिवसा प्रयोगशाळेतले प्रयोग आणि रात्री दुसरे. 'नोकरी करून कुठे रे नाटकं लिहायला होतात' म्हणणाऱ्या माझ्यासारख्या तमाम लोकांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

आता या नाटकात 'तिकडचं' काय आहे, मला दाखवा. कीर्तन तिकडचं? चाळ तिकडची? 'कधी काढणार?' हा मयताच्या घरी विचारला जाणारा प्रश्न तिकडचा?

बरं, पुणं सोडा, पुणेकरांना काही ना काही जमतंच असं आपण धरून चालतो. आपल्या गिरणगावात या. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' काढलं. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा याच मंडळींनी 'तमाशा नाही, लोकनाट्य आहे' म्हणून तेच पुन्हा उभं केलं. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन'... नावं बघा. मालक, पुढारी, मंत्री सगळ्यांची गाण्यांसकट धुलाई, आणि प्रेक्षक कोण, तर समोर जमिनीवर बसलेले गिरणी कामगार.

पुढे शाहीर साबळ्यांनी मुक्तनाट्यं केली, त्यातल्या एकाचं नाव 'यमराज्यात एक रात्र'. बघा, पुन्हा यमच! १९६५ मध्ये वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं आणि नायगावात वाढलेल्या दादा कोंडक्यांनी त्यात राजापासून कोतवालापर्यंत सगळ्यांची टोपी उडवली. आणि हे सगळं 'जुनं' म्हणाल तर २०१२ चं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' घ्या. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, गाणी संभाजी भगतांची. त्यात यम महाराजांना घेऊन जातो, पण महाराजांचे विचार पृथ्वीवरच राहतात, म्हणून ते शोधायला त्याला परत खाली यावं लागतं. जालन्याकडची पोरं ते करायची आणि मुंबईतले लोक तिकीट काढून बघायचे.

आपल्याकडे मेलेला माणूस कीर्तन करतो. यम स्टेजवर येतो, गाण्यात सापडतो आणि हात हलवत परत जातो. मरणाची गाऊन टिंगल करणं हा ज्या भाषेतला जुना उद्योग आहे, त्या भाषेतली माणसं काळा विनोद 'तिकडचा' म्हणतात. का, तर त्यांनी तो पहिल्यांदा नेटफ्लिक्सवर बघितला. सबटायटल लावून.

थाप दुसरी: दमलेल्या माणसाला हलकंफुलकं लागतं

या थापेचा मला खरा राग आहे, आणि तो घरचा आहे.

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात होते. आमची चाळ लालबागची. आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, काचेच्या इमारतीत आहे. बाबांची गिरणी ती नव्हे, ती थोडी पुढे. पण ज्या कॅन्टीनमध्ये बसून माझे सहकारी दमल्याच्या गोष्टी करतात, त्याच जमिनीवर कुणाचे तरी बाबा आठ-आठ तास साच्यांच्या आवाजात उभे होते. त्या खात्यातून बाहेर आलेला माणूस घरीही ओरडूनच बोलतो, कारण कान गेलेले असतात. दमणं ते! आम्ही एसीत बसून दमतो.

आणि ही दमलेली माणसं काय बघायची? बाबा गिरणीच्या नाट्यमंडळात पडदा ओढायचे. संवाद त्यांना कधी मिळाला नाही, पण दुसऱ्यांचे सगळे पाठ. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धा, परळचा दामोदर हॉल, गणपतीतले मंडपातले प्रयोग. मालकाची नक्कल, मुकादमाची नक्कल, उपाशी मरणाऱ्या माणसाची गाणी. यातलं काय हलकं होतं?

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे? आमच्या भाषेत सांगायचं तर ते तिकीट अजून 'ओपन' आहे. बाबांनी पुढे बारा ठिकाणी वॉचमनची नोकरी केली, पण कुणी विचारलं की सांगायचे, "मी संपावर आहे." २००५ सालीसुद्धा! आम्ही हसायचो. तेही हसायचे. हलकंफुलकं होतं का ते?

२००९ च्या पावसाळ्यात बाबा गेले. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि चाळीचा जिना तो केवढा, तर एका वेळी एक माणूस आणि एक हंडा. तिरडी वळणावर अडकली. वर चौघे, खाली चौघे, आणि सगळे एकदम सूचना देतायत. खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, तिरपो धरा रे, तिरपो!" तेवढ्यात माझी आई, जी सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती, ती हुंदका गिळून म्हणाली, "कपाट चढवलं तेव्हा हेच ओरडत होते खालून. तिरपो धरा म्हणून."

एक क्षण शांतता. आणि मग जिन्यात अडकलेले ते आठ जण, बाबांना खांद्यावर घेऊन, हसायला लागले. आई हसत होती. मी हसत होतो आणि रडत होतो. तिरडी हलत होती. देवाशप्पथ, बाबा तेव्हा उठून बसले असते तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

'महानिर्वाण' मी त्यानंतर वाचलं आणि गार पडलो. हे सगळं या माणसाला आधीच कसं ठाऊक? मग कळलं, की चाळीत राहिलेल्या कुणालाही हे ठाऊकच असतं. लिहायचं धाडस मात्र एखादाच करतो.

लालबाग-परळनं असा आपला माणूस दिलाय: जयंत पवार. पत्रकारिता करत नाटकं लिहिणारा. त्यांचं 'अधांतर' आलं १९९७ मध्ये. संपानंतरचं गिरणी कामगाराचं घर, एक मुलगा लेखक व्हायची स्वप्नं बघतोय, एक क्रिकेटवर जगतोय, एक गुंडांच्या नादी लागलाय, आणि आई सगळ्यांना धरून बसलीय. ती शोकांतिकाच आहे. पण त्या घरातली बोलणी ऐका, हसू येतं. लेखकानं घातलेले विनोद नव्हेत ते, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं असली की तसंच बोललं जातं. त्याच नाटकावरून पुढे २०१० मध्ये 'लालबाग परळ' सिनेमा आला. पवार २०२१ मध्ये गेले. आम्ही स्टेटसला फोटो ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्टँडअप मीटिंगला हजर झालो.

तेव्हा माझ्या बापाच्या नावानं कुणी सांगू नये की दमलेल्या माणसाला हलकंफुलकं लागतं. दमलेल्या माणसाला हसायला लागतं, हे खरं. पण कशावर हसायचं हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ज्याच्या डोक्यावर काही पडतंय तोच काळ्या विनोदाला आधी हसतो. हलकंफुलकं लागतं ते, ज्याला आपल्या डोक्यावर काय पडणार आहे हे बघायचंच नसतं त्याला. म्हणजे आपल्याला. ज्याचा ईएमआय अजून सतरा वर्षं आहे त्याला.

आणि हो, हलक्याफुलक्या नाटकांशी माझं भांडण नाही. मीही दोन तास मनमुराद हसून आलोय. भांडण आहे ते 'फक्त' हेच चालतं म्हणण्याशी.

थाप तिसरी: चालत नाही

च्यायला, चालू दिलं तर चालेल ना!

जरा सिस्टीम कशी आहे ते बघा. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी म्हणजे सोनं. त्या तारखा मोठ्या, चालत्या नाटकांकडे. नवख्याला मिळतो मंगळवार दुपार, नाहीतर शाळेतला छोटा हॉल. पेपरातल्या जाहिरातीला पैसे, सेट न्यायला टेम्पो, कलाकारांची नाईट, हॉलचं भाडं. स्वतःचं नाटक करणारा माणूस हे सगळं पगारातून करतो. नवीन नाटकाचं नाव लोकांच्या कानावर जायला दहा-पंधरा प्रयोग लागतात, आणि पैसे तिसऱ्या प्रयोगाला संपतात. मग आपण म्हणतो, 'चाललं नाही'. सर्व्हर सुरू व्हायच्या आधीच प्लग काढायचा आणि म्हणायचं सॉफ्टवेअरच बंडल होतं!

मिळालेली जागा तरी टिकते का? १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये अरविंद आणि सुलभा देशपांड्यांच्या 'आविष्कार'नं नवी नाटकं जगवली. ना धड रंगमंच, ना विंगा. तरी एक अख्खी चळवळ त्या हॉलच्या नावानं ओळखली जाते. आणि परळचं दामोदर नाट्यगृह, जिथे कामगारांनी आणि कोकणातल्या मंडळांनी पिढ्यान्पिढ्या प्रयोग केले, ते शंभरी ओलांडल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. रंगकर्मी रस्त्यावर आले, आंदोलन झालं. माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी गेलो? नाही. त्या आठवड्यात रिलीज होती.

वरून सेन्सॉर. १९७० मध्ये गिरगावात बालपण गेलेल्या तेंडुलकरांचं 'गिधाडे' श्रीराम लागूंनी बसवलं, तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या डागाला हरकत घेतली गेली. मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगायचं, की हा निळा डाग तांबडा समजावा! आता सांगा, यापेक्षा काळी कॉमेडी कुठला नाटककार लिहील? 'घाशीराम कोतवाल', म्हणजे तर नाचगाण्यांतून क्रौर्य दाखवणारं नाटक, डिसेंबर १९७२ मध्ये आलं आणि १९ प्रयोगांनंतर त्याच संस्थेनं थांबवलं. पोरं बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये पुन्हा उभं केलं. मग ते परदेशापर्यंत गेलं. म्हणजे १९ प्रयोगांवर 'चाललं नाही' म्हणून फाईल बंद झाली असती तर?

आणि प्रेक्षक मठ्ठ आहे म्हणाल तर तेही खोटं. २०१७ चं प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' घ्या. स्टेजवर फक्त दोन बायका, गाणी, अभंगांची भाषा, विषय गंभीर. कुठल्याही मार्केटिंगवाल्यानं पहिल्या स्लाईडलाच नकार दिला असता. त्याचे शेकडो प्रयोग झाले. प्रेक्षकाला सगळं झेपतं. त्याला पत्ता तर लागू द्या.

आता लाजेची गोष्ट.

माझ्या टेस्टर मित्राचं ते बंद पडलेलं नाटक. गोष्ट अशी: चाळीचा पुनर्विकास. बिल्डरला ५१ टक्के संमती हवी, गाडी ५० वर अडलीय. उरलेल्या एका खोलीतला म्हातारा आदल्या रात्री मेलाय. मग सगळी चाळ ठरवते, की अंगठा घेईपर्यंत हा मेला नाही असं समजायचं. (निळा डाग तांबडा समजावा, तसं.) म्हाताऱ्याला खुर्चीत बसवतात, चहा देतात, क्रिकेटचा स्कोअर सांगतात. आणि अंगठा शाईत बुडवला जातो तेवढ्यात म्हातारा गायला लागतो. त्याची एकच अट आहे. नव्या इमारतीचा जिना एवढा रुंद ठेवा, की माणसाला तिरपं धरावं लागू नये.

हा जिना त्याला मी दिला होता. एका नाईट शिफ्टला, डिप्लॉयमेंट अडकलेलं असताना, वेळ जाईना म्हणून मी त्याला बाबांची गोष्ट सांगितली होती. त्यानं विचारलं होतं, "वापरू?" मी म्हटलं होतं, "वापर की."

तीन प्रयोग झाले. तिकीट २५० रुपये. पहिल्याला मी म्हटलं, पुढच्याला येतो. दुसऱ्याला पाऊस होता. तिसऱ्याच्या दिवशी मी घरी सोफ्यावर पडून एक कोरियन मालिका बघत होतो. काळी कॉमेडीच होती, उत्तम होती! शेवटच्या प्रयोगाला ३४ माणसं होती असं तो म्हणाला. त्यातले अकरा पासवर.

आणि याच मी, मार्च २०२५ मध्ये बीकेसीला 'फँटम ऑफ द ऑपेरा' आलं तेव्हा प्लॅन उघडल्या उघडल्या दोन तिकिटं काढली होती. चार आकडी तिकीट, प्रत्येकी. झुंबर बघायला गेलो होतो. मस्त होतं, नाही म्हणत नाही. पण दादरला २५० रुपयांत माझे स्वतःचे बाबा गात होते, आणि मी गेलो नाही.

म्हणून कॅन्टीनमध्ये मान डोलावली. 'आपल्याकडे चालत नाही' म्हटलं की कसं बरं वाटतं! दोष प्रेक्षकांचा. आणि प्रेक्षक म्हणजे दुसरे कुणीतरी.

काल त्याला फोन केला. म्हटलं, पुढे काय लिहितोयस? तो म्हणाला, "काहीतरी हलकंफुलकं बघतो आता." इतक्या सहज म्हणाला, की मला बोलताच येईना. शेवटी एवढंच म्हटलं, की ते म्हाताऱ्याचं नाटक मला मेल कर, वाचायचंय. तो म्हणाला, "वाचायला नव्हतं रे ते." बरोबर आहे त्याचं.

तर मंडळी, उपदेश करायची माझी लायकी नाही, ते वर आलंच आहे. एवढंच सांगतो. तुमच्या ऑफिसात, तुमच्या मजल्यावर असा एखादा शनिवार-रविवारचा नाटककार असतोच. त्याचं नाटक लागलं तर पहिल्या तीन प्रयोगांतच जा. चौथा कदाचित होणार नाही. पास मागू नका. आणि नाटक वाईट निघालं तर तोंडावर वाईट म्हणा, त्याला चालेल. वाईट नाटक बघून आलेला माणूस त्याला हवाय. 'पुढच्याला नक्की' म्हणणारे आधीच भरपूर आहेत.

आमची चाळ आता नाही. तिच्या जागी टॉवर होतोय. ब्रोशरमध्ये क्लबहाऊस आहे, योगा डेक आहे, इन्फिनिटी पूल आहे. परवा आईनं ते ब्रोशर पुढूनमागून बघितलं आणि विचारलं, "जिना केवढा आहे रे?"

मित्राला हे अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगणार आहे. बघू, पुन्हा "वापरू?" म्हणतो का.